माथा गोटीकडे

खळ कोमट झाली, मग गार झाली, तरी धाकटा आला नव्हता.

तात्यांनी पातेल्यात बोट बुडवून पाहिलं आणि पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं. शाळांच्या भिंतींवर टांगायचे नकाशे कापडावर चढवणं, जुन्यांना नवं अस्तर लावणं, हा या घराचा तीन पिढ्यांचा धंदा. खळ एकदाच शिजवायची आणि ऊन असतानाच संपवायची, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. पण आज रविवारची सुट्टी होती, कामगार नव्हते, आणि टेबलावरचा जगाचा नकाशा एवढा मोठा होता की घरातलं प्रत्येक माणूस लागणार होतं.

"येणार नाही तो," थोरला म्हणाला. "विम्याच्या कचेरीत बसायला लागल्यापासून त्याला खळीचा वास सोसत नाही."

"येईल," तात्या म्हणाले. "कामाला बोलावलं असतं तर आला नसता. भांडायला बोलावलंय."

हे काही ते थट्टेने म्हणाले नव्हते. घरात एखादा तंटा उभा राहिला की तात्यांचे वडील तो लगेच मिटवायला जात नसत. मोठा नकाशा येईपर्यंत तसाच ठेवून देत. नकाशा आला की ज्यांचं पटत नाही त्यांना त्याच्या चार कोपऱ्यांवर उभं करत. ओला कागद एकदा ताणून धरला की सोडता येत नाही. एक कोपरा सुटला तरी कागद घडीवर फाटतो. त्यामुळे रागावून निघून जाता येत नाही, दार आपटता येत नाही, हातवारेही करता येत नाहीत. तोंड तेवढं मोकळं. थोरल्याचं लग्न अशाच एका नकाशाच्या चार कोपऱ्यांवर ठरलं होतं, आणि धाकट्याने धंदा सोडला तोही असाच एक कोपरा धरून, काम संपेपर्यंत न सोडता.

आजचा तंटा गोटीचा होता. गोटी म्हणजे थोरल्याची मुलगी. जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती म्हणून आजोबांनी, म्हणजे तात्यांनीच, हे नाव पाडलं. आता आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी ते सुटलं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या शाळेत वरच्या वर्गांना सामाजिक शास्त्रं म्हणजे सगळ्यांना सगळं होतं. यंदापासून शाळेने सहा विषय मांडले होते: इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र. त्यातले दोन निवडायचे आणि सोमवारी वर्गात उभं राहून सांगायचे. ज्या विषयाला पुरेशी मुलं जमणार नाहीत, तो वर्ग उघडणार नव्हता. भूगोलाला अजून एक मूल कमी पडत होतं. आणि भूगोल शिकवत होती गोटीची आत्या. वर्ग उघडला नाही तर तिला ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवणार होते.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गोटीला मात्र यातलं काही ठाऊक नाही अशी प्रत्येकाची खात्री होती. माणसं मुलांपासून काय काय लपवतात आणि मुलं ते किती मुकाट्याने लपवू देतात, ते एक परमेश्वर जाणे. गोटीला शुक्रवारीच सगळं कळलं होतं.

धाकटा आला तो बूट काढता काढताच बोलत आला. "मला उशीर झाला नाही. तुम्ही सगळे लवकर आलात."

"ये," आत्या खिडकीपाशी काठांवरचा जुना धागा खुडत होती, ती मान वर न करता म्हणाली. "बाह्या सरसाव. त्या शर्टावर डाग पडला तर वहिनीला धुवायला देऊ नकोस."

"हा शर्ट मी स्वतः धुतो."

"दिसतंच आहे."

तात्यांनी हात धुतले आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग सगळे आपापल्या जागी उभे राहिले. अस्तर लावताना नकाशा पालथा असतो. वर कोरी पाठ तेवढी दिसते, त्यामुळे माथा कुठला आणि पायथा कुठला ते वरून ओळखू येत नाही. थोरला नवं कापड घेऊन उभा राहायचा. कापडाच्या एका काठाला साधी दांडी आणि दुसऱ्याला टांगायच्या कड्यांची दांडी आधीच शिवलेली असायची, तो कड्यांचा काठ नकाशाच्या माथ्यावर पडला पाहिजे. म्हणून कापड सोडण्याआधी थोरल्याने विचारायचं, "माथा कुठं?" आणि तात्यांनी सांगायचं, "गोटीकडे." कारण स्टुलावर उभी राहून जेमतेम टेबलाला हात पुरत होता तेव्हापासून गोटीची जागा माथ्याला होती. तिच्या आधी ती आत्याची होती. तेव्हा उत्तर होतं, "ताईकडे."

तर माथ्याला गोटी आणि तिची आई. पायथ्याला आत्या आणि धाकटा. तात्यांनी कुंचला बुडवला.

"हं," धाकट्याने सुरुवात केली. "गोटीबाई, अर्थशास्त्र. मी गाडीतून येताना सगळा विचार केलाय. इतिहास म्हणजे झालेलं, ते काही बदलत नाही. नागरिकशास्त्र म्हणजे कचरा कुठे टाकावा. अर्थशास्त्र घेतलं की जग कशावर चालतं ते कळतं."

"तुला कळलं का?" आत्याने विचारलं.

"मी घेतलं नव्हतं म्हणून तर सांगतोय."

"तिने भूगोल घ्यावा," थोरला म्हणाला. कापडाची गुंडाळी त्याने खांद्यावर घेतली होती, त्यामुळे मान वाकडी करून बोलावं लागत होतं. "घरात नकाशे, आत्या भूगोलाची. यात विचार करण्यासारखं काय आहे मला कळत नाही."

गोटीची आई इस्पितळात परिचारिका होती. ओला कागद कसा धरावा हे तिला सासरी येऊन शिकावं लागलं नव्हतं. ती तो रुग्णाच्या हातासारखा धरायची, घट्ट पण न दाबता. ती हळूच म्हणाली, "मला वाटतं तिला मानसशास्त्र आवडेल. ती सारखी विचारत असते, लोक असं का वागतात म्हणून."

"कोणते लोक?" धाकटा म्हणाला.

"घरातलेच."

तात्या हसले. त्यांना कीर्तनांचं वेड होतं. जिथे असेल तिथे जाऊन बसत, चाली पाठ करत आणि घरी येऊन कुंचल्याच्या तालावर त्या घोळवत. आताही नवी चाल गुणगुणत ते म्हणाले, "मला एक सांगा. हे सगळं मिळून सामाजिक शास्त्रं. आणि त्यातलं एक समाजशास्त्र. म्हणजे अख्खं घरही घर, आणि त्यातल्या एका खोलीचं नावही घरच?"

"तसं नाही तात्या," आत्या म्हणाली. मग जरा थांबली. "तसंच आहे म्हणा."

"मग मुलांनी काय समजायचं?"

"मुलांना कळतं. आई-वडिलांना नाही कळत. परवा एक बाई मला विचारत होत्या, मानसशास्त्र घेतलं तर इतिहास फुकट मिळतो का."

"ऐका," तात्या म्हणाले. "परवाच्या कीर्तनात बुवांनी फार छान गोष्ट सांगितली. देवाने पृथ्वी घडवली. गोल, छान, हातात मावेल अशी. आणि ती हातात घेऊन बसला. का बसला? तर त्याला कळेना—"

"तात्या, कोपरा सुकतोय माझा," थोरल्याची बायको म्हणाली, आणि गोष्ट तिथेच राहिली.

आत्या इतका वेळ मुद्द्यावर बोलली नव्हती. तिच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या आणि त्यातली खरी कोणती हे तिला ठरवता येत नव्हतं. एक म्हणजे, ज्या वर्गावर आपण इतकी वर्षं काढली तो भाचीच्या उपकारावर टिकवायचा नाही. दुसरी ती कुणाला सांगणार नव्हती. खालच्या वर्गात गोटीला तीच शिकवायची. बाकी सगळं उत्तम लिहिणारी पोर कोऱ्या नकाशात मात्र चुकायची. पूर्वेचं बंदर पश्चिमेला, वरचं शहर खाली. कधी बरोबर, कधी चूक, त्याला काही धरबंध नाही. नकाशांच्या घरातली मुलगी. आत्याने ते गुण कायम हळूच, इतर गुणांच्या आड लपवून सांगितले होते.

"तिने भूगोल घेऊ नये," ती म्हणाली.

कुंचला थांबला.

"का?" थोरल्याने विचारलं.

"मी सांगते म्हणून."

"तुझा वर्ग—" थोरला म्हणाला आणि गोटीकडे बघून गप्प झाला.

"माझ्या वर्गाचं मी बघेन. शिक्के मारायला काही फार अक्कल लागत नाही, तुम्ही सगळे येऊन शिकून जा."

थोरल्याचा चेहरा पडला. गेले दोन दिवस बायकोशी वाद घालून तो बहिणीची बाजू लढवत होता, आणि बहिणीनेच त्याला तोंडघशी पाडलं होतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग अर्थशास्त्र घेऊ दे. तुझं म्हणणं बरोबर आहे," हे धाकट्याला.

धाकटा दचकला. थोरला भाऊ आपल्याला बरोबर म्हणाला असा प्रसंग त्याला आठवत नव्हता, आणि आता आला तर त्याला तो पटेना. "थांब जरा," तो म्हणाला. "एवढी घाई कशाला? अर्थशास्त्र काय, कधीही वाचता येतं. वर्तमानपत्रात येतं. आणि खरं सांगू का, ताईचा वर्ग बंद पडतोय आणि आपण—"

"अरे," आत्या म्हणाली.

"काय अरे? तिला माहीत नाही असं वाटतंय का तुम्हाला? बघा तिच्या तोंडाकडे."

सगळ्यांनी गोटीच्या तोंडाकडे पाहिलं. गोटीने नकाशाच्या कोऱ्या पाठीकडे पाहिलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

इस्पितळात रात्रपाळी असायची तेव्हा लहानग्या गोटीला आत्याच घेऊन झोपायची. गोटीच्या आईला ते आठवलं, आणि दोन दिवस आपण मानसशास्त्र मानसशास्त्र करत होतो याची तिला लाज वाटली. "ताई," ती टेबलापलीकडून म्हणाली, "गोटी भूगोल घेईल. मी सांगते."

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"म्हणजे आता मी एकटाच अर्थशास्त्राचा?" थोरला म्हणाला. "मला तर ते नकोच होतं."

"मग म्हणालास कशाला?"

"तू नको म्हणालीस म्हणून."

"मी भूगोल नको म्हणाले. अर्थशास्त्र घे असं कुठे म्हणाले?"

"ताई, तुझं ना, हे असंच," धाकटा म्हणाला. "कुणी काही द्यायला गेलं की तू हात मागे घेतेस. मी धंदा सोडला तेव्हासुद्धा एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर—"

"तर काय, राहिला असतास?"

"निदान विचार केला असता."

"तू? विचार?"

पायथ्याचा काठ थरथरला. कागदावर एक बारीक सुरकुती धाकट्यापासून आत्यापर्यंत पळत गेली. तात्यांनी कुंचला उंच धरला. "बस. तुम्हा दोघांना एका बाजूला ठेवलं हीच माझी चूक. लहानपणीही ठेवत नव्हतो. तू जा वहिनीच्या बाजूला. गोटी, तू इकडे ये आत्याजवळ. थोरल्या, कोपरे बदलेपर्यंत हात लाव."

एकेका कोपऱ्याला आधार देत जागांची अदलाबदल झाली. धाकटा माथ्याला गेला, गोटी पायथ्याला आली. खळीचा ऊन, जरासा आंबूस वास त्या दोघींच्या मध्ये होता. आत्याची बोटं भाचीच्या बोटांना लागून होती.

गोटी फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्या, तुला मी खरंच नकोय का वर्गात?"

वर्गात कुणी प्रश्न विचारला की आत्याकडे उत्तर तयार असायचं. "मला कळत नाही गं," ती म्हणाली. "मला तू हवी असशील, म्हणूनच मी नको म्हणत असेन. किंवा खरोखरच नको असशील. तू मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू?"

तेवढ्यात तात्यांनी शेवटचा हात फिरवला. खळ सगळीकडे सारखी चकाकत होती. थोरल्याने गुंडाळी सैल केली आणि विचारलं, "माथा कुठं?"

"गोटीकडे," तात्या म्हणाले.

कुणी मान वर केली नाही. धाकटा बहिणीला मनातल्या मनात आणखी दोन गोष्टी सुनावत होता, गोटीची आई नवऱ्याचा पडलेला चेहरा बघत होती, आत्या आपल्याच उत्तराने गोंधळली होती. गोटीने आपलं नाव ऐकलं आणि नेहमीसारखी मान हलवली. कापड पडलं. तात्यांनी मधून काठांकडे रूळ फिरवला. हवेचे फुगे एकेक करून बाहेर सरकले, आणि अस्तर बसलं.

चहा बाहेर ओट्यावर झाला. पंखा लावून, खिडक्या उघडून नकाशा वाळायला ठेवला होता. भांडण संपलं नव्हतं. धरायला काठ नव्हता म्हणून ते पांगलं होतं. थोरला बायकोला म्हणत होता की तू ऐन वेळी बाजू बदललीस, आणि ती म्हणत होती की तुम्ही बदललीत म्हणून मी बदलले. धाकटा आत्याच्या कपात न विचारता साखर घालत होता, आणि आत्या तो चहा न बोलता पीत होती, हे त्या दोघांचं समेटाचं लक्षण होतं.

तात्या गोटीजवळ पायरीवर बसले. गुडघे चोळत म्हणाले, "सगळ्यांचं ऐकलं. तुझं राहिलं."

"मला माहीत नाही, आजोबा."

"थोडंसं तर माहीत असेल."

"नाही." तिने कप खाली ठेवला. "आत्या वर्गात गोष्टी सांगते ना, नद्या कशा वळल्या, गाव तिथेच का वसलं, तेव्हा मला वाटतं की जन्मभर हेच ऐकावं. पण मला भूगोल आवडतो की आत्या आवडते, ते वेगळं करता येत नाही. आणि…"

"आणि काय?"

"काही नाही."

तात्यांनी पुढे विचारलं नाही. बुवा गात असतात तेव्हा मध्येच एक जागा येते, जिथे ते गाणं थांबवतात आणि नुसती एकतारी वाजत राहते. श्रोत्याने तेव्हा खाकरायचं नसतं. ते तसेच बसून राहिले. पण मनातून तेही गोंधळले होते. आपण मुलांना ओल्या कागदावर बांधून ठेवायला शिकलो. पण ज्याला मुळात काय हवं तेच ठाऊक नाही, त्याला कुठल्या कोपऱ्यावर उभं करावं, हे वडिलांनी शिकवलं नव्हतं.

ऊन उतरलं तसा थोरला आत गेला. कापड तडतडीत वाळलं होतं. त्याने कड्यांत दोर ओवले, धाकट्याने दुसरं टोक धरलं, आणि दोघा भावांनी मिळून नकाशा आढ्याकडे ओढला. खालची दांडी टेबलावरून उचलली गेली. नकाशा एकदा झुलला आणि स्थिर झाला.



जग उलटं लटकत होतं. बर्फाचं पांढरं दक्षिण टोक आढ्याला लागलं होतं आणि उत्तरेचे समुद्र खाली फरशीकडे आले होते. सगळी नावं उलटी. पायथ्याचा शीर्षकाचा ठळक पट्टा वर जाऊन डोक्यावर उभा होता.

"माथा…" थोरला म्हणाला आणि पुढचा शब्द त्याला सापडेना.

"गोटीकडे," धाकटा हलकेच म्हणाला. "गोटी कुठे होती?"

सगळ्यांना एकदमच उमजलं. गोटी पायथ्याला होती.

"चूक माझी," थोरला म्हणाला. "मी कापड टाकलं."

"तुझी कशी? जागा मी सोडली," धाकटा म्हणाला. "मी भांडलो."

"मी तुला भांडायला लावलं," आत्या म्हणाली.

"मी समोरच होते, मला दिसायला हवं होतं," गोटीची आई म्हणाली.

सकाळपासून जे दुसऱ्याची बाजू घ्यायला धावत होते, ते आता दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायला धावत होते. तात्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा एकाएकी फार थकलेला दिसत होता. "मी सांगितलं," ते म्हणाले. "मी न बघता सांगितलं. जन्मात असं झालं नव्हतं."

"दांड्या उसवून उलट शिवता येतील तात्या," थोरला घाईने म्हणाला. "एका दिवसाचं काम. ताईच्या शाळेचाच नकाशा आहे, उद्याऐवजी परवा देऊ."

गोटी नकाशासमोर जाऊन उभी राहिली होती. ती हळू आवाजात वाचत होती. बंदरांची नावं, खाड्यांची नावं, बारीक टाइपातली बेटं. अडखळत नव्हती. मान वाकडी करत नव्हती. सरळ पुस्तक वाचावं तशी वाचत होती.

धाकट्याने डोकं तिरकं करून एक नाव वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "तुला हे वाचता येतंय?"

"मला असंच येतं," गोटी म्हणाली. "आपण नकाशा पालथा करण्याआधी उताणा ठेवून पुसतो ना. मी तेव्हाही माथ्याला असते. मला जग कायम इकडूनच दिसतं."

आत्याने कप टेबलावर ठेवला. ती नकाशाकडे बघत होती, मग गोटीकडे, मग पुन्हा नकाशाकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आधी कुणालाच ओळखता आलं नाही.

"गोटी," ती म्हणाली, "डोळे मीट. सूर्य नकाशात कुठल्या हाताला उगवतो?"

गोटीने डोळे मिटले. "डाव्या," ती म्हणाली आणि लगेच, "नाही, उजव्या. मनात फिरवून बघावं लागतं, आत्या. मी फिरवते, पण कधीकधी अर्ध्यातच थांबते. पेपरात घाई झाली की हमखास." तिने डोळे उघडले. "मला वाटायचं मला भूगोल येतच नाही. वरच्या वर्गात तर सगळे कोरे नकाशेच असतात. तू मला शिकवणार, आणि मी नापास होणार, आणि तुला माझा पेपर तपासायला लागणार. तुझा वर्ग वाचवायला यायचं आणि तुझीच लाज काढायची. म्हणून मला काही ठरवता येत नव्हतं."

पंख्याच्या वाऱ्याने नकाशा हलकेच फुगला आणि बसला.

"देवा," आत्या म्हणाली आणि टेबलाशी बसली. "मीही त्या जागेवर उभी राहायचे. आई मला स्टुलावरून उतरवून पायथ्याला न्यायची, म्हणायची, आता इकडून बघ. मी तुला कधी आणलं नाही. मी तुला शिकवत होते आणि तू कुठे उभी आहेस ते एकदाही पाहिलं नाही."

ती हसायला लागली. आधी थोडं, मग डोळ्यांना पदर लावावा लागेल इतकं. धाकटा पहिल्यांदा घाबरला आणि मग तोही हसला. तात्या हसले नाहीत, पण भिंतीपासून दूर झाले.

"दादा, उसवू नकोस," आत्या म्हणाली. "उद्या मी हा असाच वर्गात लावते. मुलं ओरडतील, बाई उलटा लावलाय. मी विचारेन, कुणी सांगितलं? वर कुठे आहे आणि खाली कुठे आहे ते दाखवा बरं. मंगळवारी उसव."

"असं कुणी ठरवलं पण?" गोटी नकाशाकडे बघतच म्हणाली. "हे वर, ते खाली?"

"तो इतिहास आहे," थोरला म्हणाला.

"ज्याच्या हातात व्यापार, त्याने ठरवलं असणार," धाकटा म्हणाला. "अर्थशास्त्र."

"आणि बाकीच्यांनी मुकाट्याने मानलं का, ते मानसशास्त्र," गोटीची आई म्हणाली, आणि लगेच, "मी आपलं सांगितलं. मी कुणाच्या बाजूची नाही."

गोटी एकेकाकडे बघत राहिली. मग आत्याकडे वळली. "मी भूगोल घेते. पण तुझ्यासाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"ते अजून माहीत नाही. आणि मी चुकले तर गुण लपवून सांगायचे नाहीत."

आत्याने मान खाली घातली. "तुला कळत होतं?"

"तू फार हळू बोलायचीस तेव्हा."

"नाही लपवणार," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "ये. मला तू वर्गात हवी आहेस. आता सांगता येतंय."

"आणि दुसरा विषय?" थोरला आणि धाकटा एकदम म्हणाले.

"दुसरा उद्या सकाळी. अजून गोंधळ आहे माझा."

तात्या नकाशाजवळ आले आणि काठावरून बोट फिरवत त्यांनी अस्तर तपासलं. कुठेही फुगा नव्हता, सुरकुती नव्हती. उलटं असलं तरी काम चोख झालं होतं. "ती गोष्ट राहिली," ते म्हणाले. "देव पृथ्वी हातात घेऊन बसला होता. त्याला कळेना, हिचा माथा कुठे करावा. या बाजूने धरली तर त्या बाजूची लेकरं पायाशी येतात, त्या बाजूने धरली तर ही. सगळे वाट बघतायत."

"मग?" धाकट्याने विचारलं. लहानपणीही तोच विचारायचा.

"बुवांनी पुढे काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला तिथे डुलकी लागली." तात्यांनी उलट्या समुद्रांवरून तळवा फिरवला. "पण मला वाटतं, त्यालाही ठरवता आलं नसणार. म्हणून त्याने ती फिरतीच ठेवली."

संध्याकाळी नकाशा उतरवून गुंडाळायचा होता. गुंडाळी नेहमी पायथ्याकडून माथ्याकडे करायची, म्हणजे शाळेत उलगडताना आधी माथा हाती येतो. भावांनी दोर सैल केले, नकाशा टेबलावर उताणा पडला, आणि सगळे पुन्हा भोवती उभे राहिले. थोरल्याने सवयीने विचारलं, "माथा कुठं?"

तात्यांनी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. सगळे गोटीकडे बघत होते.

गोटी टेबलाच्या या टोकाला उभी होती. ती तिथून निघाली, आत्याच्या पाठीमागून वळसा घालून त्या टोकाला गेली, तिथून एकदा वाकून पाहिलं, आणि परत यायला लागली.

"थांबा," ती म्हणाली. "मला दोन्हीकडून बघू दे."